निळ्यावरून हिरव्यावर

"ऊर्मिला, निळ्यावरून हिरव्यावर बोलता येतं का गं?"

मालनकाकू माझ्या टेबलापाशी उभ्या राहून विचारत होत्या. मागं तीन नंबरच्या कॉम्प्युटरवर एक गृहस्थ कुवेतमधल्या भावाला म्हशीची तब्येत ओरडून सांगत होते, त्यामुळं आम्हा दोघींनाही जरा आवाज चढवावा लागत होता.

"नाही काकू. निळ्याचं निळ्याशी, हिरव्याचं हिरव्याशी."

"असं का?"

"दोन वेगळ्या कंपन्या. रोटीबेटी व्यवहार नाही त्यांच्यात."

"म्हणजे एका गावात दोन एक्स्चेंज, आणि मध्ये तारच नाही?"

"तसंच समजा."

"मग टाकायची की तार!" असं म्हणून त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, की जणू जगातल्या सगळ्या तारा मीच गोळा करून ड्रॉवरमध्ये ठेवल्या आहेत.

ही गोष्ट दोन हजार सहा सालची, बार्शीतली. माझं इंटरनेट कॅफे होतं, सहा कॉम्प्युटरचं. इंटरनेटवरून फोन करायचे दोन प्रोग्रॅम तेव्हा आमच्याकडं चालायचे. त्यांची इंग्रजी नावं कुणी घेत नसे. पडद्यावर एकाचं चिन्ह निळं, दुसऱ्याचं हिरवं, एवढीच ओळख. लोक दारातूनच सांगायचे, "निळा द्या," नाहीतर, "हिरवा द्या." ज्याचा माणूस परदेशात ज्या रंगावर, त्या रंगाशी याचं लग्न लागलेलं.

मी तेव्हा सव्वीस वर्षांची, बिनलग्नाची आणि चार बहिणींतलं शेंडेफळ. तिघी थोरल्यांनी मिळून मला सात भाचरं दिली होती, त्यामुळं मावशीपण मला घाऊकात मिळालं होतं. भाऊ मात्र आम्हाला नाही. दर भाऊबिजेला आईचा चेहरा उतरायचा. मला त्याचं काही वाटत नाही, असं मी म्हणायची.

मालनकाकू म्हणजे मालन सुरवसे. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं ऑपरेटर. अख्खं गाव त्यांना ऑपरेटरबाई म्हणायचं. बार्शीतल्या निम्म्या सोयरिकी आणि निम्मी भांडणं त्यांच्या हातच्या पिनांमधून गेलेली. पण एका शब्दाचीही वाच्यता त्यांनी कधी केली नाही. "जोडलेल्या लाइनवर ऑपरेटर बोलत नाही, आणि ऐकलेलं सांगत नाही," हे त्यांचं ब्रीद. दर रविवारी त्या माझ्याकडं दोनदा यायच्या. दुपारी चार वाजता निळ्यावर, मस्कतच्या शैलाशी बोलायला. संध्याकाळी सात वाजता हिरव्यावर, टोरांटोच्या उमेशशी. मधल्या वेळात घरी जाऊन चहा घेऊन यायच्या. एकाच दिवशी दोन खेपा का घालतात, हे मी कधी विचारलं नव्हतं.

त्या दिवशी त्यांनी आपणहून सांगितलं.

"तीन वर्षं झाली, दोघं एकमेकांशी बोलत नाहीत."

"कशावरून?"

"लग्नावरून. उमेशनं तिकडंच लग्न केलं, गुजराती मुलीशी. हेतल. पोरगी सोन्यासारखी आहे, माझं काही म्हणणं नाही. पण बहिणीला कळवलं कसं? ई-मेलनं! आणि तेही सीसीत!"

"बहिणीला सीसीत?"

"हो ना. पत्र ऑफिसातल्या साहेबाला, आणि खाली बारीक अक्षरात पंचवीस लोकांच्या रांगेत सख्खी बहीण. तिनं करवली म्हणून मिरवायला साडी घेऊन ठेवली होती गं. मोरपंखी."

मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. काकूंनाही तसंच काहीतरी होत असावं, कारण त्यांनी पदरानं तोंड पुसलं.

"आता त्याला मुलगी झालीय. पुढच्या रविवारी बारसं. उमेश म्हणत होता, नाव आपणच ठेवू. पण हेतल हटून बसलीय. त्यांच्यातसुद्धा नाव आत्यानंच ठेवायचं असतं. फोईशिवाय नाव नाही, म्हणते. दोन महिन्यांची झाली पोर, नुसतं बेबी-बेबी चाललंय."

"मग शैलाताई नाही म्हणतात?"

"नाव सांगते म्हणते. पण मी फोन करणार नाही, म्हणते, त्यानं करावा. आणि हा म्हणतो, मी केला आणि तिनं उचलला नाही तर? बायकोच्या माहेरच्यांपुढं शोभा. तिनं करावा." त्यांनी सुस्कारा सोडला. "आयुष्यभर लोकांना जोडून दिलं मी. आणि ही दोन लेकरं..."

"खाण तशी माती," मी हळूच म्हणाले.

"ऐकू आलं मला," काकू म्हणाल्या. "म्हणूनच तर तार टाकायची. ट्रंक कॉलला कसं असायचं, दोन्हीकडं घंटी ऑपरेटर द्यायची. ‘तुमचा कॉल आहे, लाइनवर थांबा.’ मग कुणी कुणाला केला, हा प्रश्नच नाही. दोघांनाही एक्स्चेंजनं केला!"

मी त्यांच्याकडं बघतच राहिले. दोघांचं नाक वर राहील आणि बोलणंही होईल, अशी ती युक्ती होती. राहता राहिला प्रश्न रंगाचा. मस्कतच्या बाईसाहेब भावासाठी हिरवा घालून घ्यायला तयार नव्हत्या आणि उमेशच्या कॉम्प्युटरवर ऑफिसनं निळ्याला बंदी घातलेली. म्हणजे जोड झाली तर बार्शीतच, माझ्या टेबलावर.

मी कागदावर दोन चौकोन काढले, एक निळ्याचा कॉम्प्युटर, एक हिरव्याचा. काकूंनी माझ्या हातातून पेन घेतलं आणि त्यांच्यात दोन रेघा मारल्या, एकमेकींना छेद देणाऱ्या. "याच्या कानातून निघायचं ते त्याच्या तोंडात. त्याच्या कानातलं याच्या तोंडात. झालं!"

खरंच झालं. कॉम्प्युटरला हेडफोनचं एक भोक असतं आणि माईकचं एक. निळ्याच्या हेडफोनच्या भोकातून एक तार काढून हिरव्याच्या माईकमध्ये घातली, आणि हिरव्याच्या हेडफोनमधून दुसरी काढून निळ्याच्या माईकमध्ये, की निळ्यावरचा माणूस बोलेल ते हिरव्यावरच्याला ऐकू जाणार. कंपन्यांना पत्ताही नाही. रेडिओ दुरुस्त करणारे गफूरभाई होते, त्यांनी दोन्ही टोकांना पिना लावून दोन तारा करून दिल्या, एक काळी, एक लाल. काकूंच्या सांगण्यावरून प्रत्येक तारेला एक फाटा काढला, ऑपरेटरला लाइन तपासायला. "हे कशासाठी?" गफूरभाईंनी विचारलं. "नाव ठेवायला," काकू म्हणाल्या. त्यांना वाटलं, आपल्या कामाला नावं ठेवतायत. मग त्यांनी सगळे सांधे पुन्हा तपासले.

तारा नीट गुंडाळता गुंडाळता काकू म्हणाल्या, "एक्स्चेंजच्या क्वार्टरमध्ये राहायचो ना, तेव्हा ही दोघं काड्यापेटीचा फोन करून खेळायची. दोरा ताणून. एक या खोलीत, एक त्या. उमेश म्हणायचा, चित्राबाईंना द्या. शैला म्हणायची, चित्राबाई बाहेर गेल्यात. रोज तेच. कोण चित्राबाई, कुठली, काही नाही. तासन्‌तास तिचीच चौकशी. मी ड्यूटीवरून आले की दोरा ओढून घ्यायची. म्हणायची, तीन मिनिटं झाली, ट्रंक कॉल संपला!"

शनिवारी आम्ही माझ्या बहिणींवर प्रयोग केला. पुण्याची निळ्यावर, हैदराबादची हिरव्यावर. तारा घालताच दोघी अशा काही सुटल्या, की मी लाइनवर आहे हे पाच मिनिटांत विसरल्या. मला फाट्यावरून फक्त पुण्याची बाजू ऐकू येत होती. तेवढ्यावरून कळलं, की बार्शीच्या ऊर्मिलेला एक स्थळ आलंय, मुलाचं पोट सुटलंय, पण तिला आधी सांगायचं नाही. मी फाट्यावरचा हेडफोन काढून ठेवला.

"काय झालं?" काकूंनी विचारलं.

"काही नाही. ऑपरेटरनं ऐकलेलं सांगायचं नसतं."

रविवारी संध्याकाळी सात वाजता, म्हणजे टोरांटोच्या सकाळी साडेनऊला, मस्कतला साडेपाच वाजता, आम्ही बसलो. काकू इस्त्रीची साडी नेसून आल्या होत्या, मनगटावर एक्स्चेंजमधलं जुनं घड्याळ. मी शैलाच्या फाट्यावर, त्या उमेशच्या. बाकीच्या गिऱ्हाइकांना मी जायला सांगितलं होतं, पण कुणी गेलं नाही. म्हशीवाले गृहस्थसुद्धा बायकोसह बसून राहिले.

काकूंनी आधी निळ्यावर हेडफोन लावला. "हॅलो, मस्कत? तुमचा कॉल आहे. लाइनवर थांबा."

पोटच्या पोरीला "तुमचा"! मग हिरव्यावर. "हॅलो, टोरांटो? तुमचा मस्कतचा कॉल आहे. बोला."

आणि हेडफोन काढून त्यांनी दोन्ही तारा घातल्या, काळी आणि लाल.

"हॅलो," शैला म्हणाली. काकूंनी मान डोलावली. तिकडून उमेशही हॅलो म्हणाला होता.

"ऐकू येतंय," शैला म्हणाली. थोड्या वेळानं, "हो, बराय." मग, "ऊन आहे." मग पुन्हा, "मस्कतमध्ये ऊनच असतं." एसटी स्टँडवर शेजारी बसलेले दोन अनोळखी प्रवासी याहून जास्त बोलतात. मी काकूंकडं पाहिलं. त्यांची नजर मनगटावरच्या घड्याळावर खिळली होती.

मग शैलाचा आवाज बदलला. "हेतल, हो, सांगते नाव. बाळाला जवळ घे. पण त्याआधी मला उमेशला एक विचारायचंय. उमेश, तुला त्या दिवशी एकदासुद्धा वाटलं नाही का रे, की ताईला..."

"तीन मिनिटं झाली," काकू म्हणाल्या, आणि काळी तार उपटली.

आम्ही सगळ्यांनी काकूंकडं पाहिलं. काकूंनी स्वतःच्या हाताकडं. त्यांच्या हातात तार होती आणि पिन हिरव्याच्या माईकमध्येच अडकून राहिली होती. एकतीस वर्षं रोज शंभरदा केलेली गोष्ट हातानं आपल्या आपण केली होती. डोक्याला विचारलंसुद्धा नव्हतं.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. "अगं बाई, हे काय केलं मी?"

माझ्या कानात शैला बोलतच होती. "उमेश? अरे, मी आहे ना लाइनवर. उमेश! मी नाही ठेवला!" म्हणजे लाल तार शाबूत होती. तिला टोरांटोचं सगळं ऐकू येत होतं. तिचं मात्र तिकडं काही जात नव्हतं. उमेशच्या लेखी बहिणीनं प्रश्न अर्धा टाकून फोन आपटला होता.

मी घाईनं तुटकी पिन काढली आणि माझ्या हेडफोनचा माईक तिथं लावायला गेले. काकूंनी माझं मनगट धरलं.

"थांब. जोडू नको."

"काकू, तो म्हणेल तिनं..."

"थांब म्हणते ना."

त्यांचे डोळे मिटलेले होते आणि फाट्यावरचा हेडफोन त्यांनी कानाशी घट्ट दाबून धरला होता. टोरांटोत उमेश बायकोशी बोलत होता. आपल्याला कुणी ऐकत नाही, असं समजून. काकूंना ऐकू येत होतं आणि लाल तारेतून शैलालाही. मला फक्त शैलाचा श्वास ऐकू येत होता. ती ओरडायची थांबली होती. मग एक हुंदका आला, आणि तोसुद्धा तिनं गिळला.

जन्मात पहिल्यांदा ऑपरेटरबाईंनी ऐकलेलं सांगितलं. पुटपुटत, एकेक वाक्य. "म्हणतोय, ठेवला ना, बरोबरच केलं तिनं... म्हणतोय, सगळ्यात आधी तिलाच सांगायला हवं होतं... फोन हातात घेतला होता चारदा. लाज वाटली म्हणे. ताई विचारेल, मला न विचारता ठरवलंस? म्हणून सगळ्यांच्या रांगेत तिला घातलं... म्हणतोय, तिच्याशिवाय लग्न लागलं, ते लग्नासारखं वाटलंच नाही." काकूंनी डोळे उघडले. "जोड आता."

मी माझ्या माईकची पिन बसवली. आता माझ्या कानात शैला होती आणि तोंडापुढं टोरांटो.

"आई," शैला नाक ओढत म्हणाली, "तार तू काढलीस ना? तीन मिनिटं झाली म्हणून? अगं कुणी ऐकतंय का तिथं?"

"हॅलो टोरांटो," मी म्हणाले, "मी बार्शीहून ऊर्मिला. शैलाताई लाइनवरच आहेत. त्यांनी ठेवला नाही. काकूंनी तीन मिनिटं झाली म्हणून तार उपटली."

काकूंच्या हेडफोनमधून आलेलं हसणं मला टेबलाच्या पलीकडं ऐकू आलं. शैलाही हसायला लागली. ते हसू मग थांबेचना. आमची गिऱ्हाइकंही कारण नीट न कळता हसू लागली.

"विचारतोय, तिनं ऐकलं का सगळं," काकू म्हणाल्या.

"सांग त्याला, शब्दन्‌शब्द ऐकला," शैला म्हणाली. "आणि सांग, मोरपंखी साडीची घडीही मोडली नाही मी. आता तुझ्या लेकीच्या लग्नात नेसणार आहे म्हणावं. ई-मेल पाठवलास तर याद राख."

मी जशीच्या तशी धमकी पोचवली.

"आता नाव," शैला म्हणाली. "बाळाच्या कानाशी स्पीकर न्या म्हणावं. तू सांग माझ्या वतीनं. नाव आहे, चित्रा."

मी काकूंकडं वळले. "काकू, तुम्ही बोला यात. मी कशी सांगू? माझा काय संबंध?"

"मी आजी. आजीनं नाव सांगून चालत नाही," काकू म्हणाल्या. "लाइन खराब असली की मधल्या स्टेशनची ऑपरेटर शब्द पुढं सांगायची. रिपीट कर. बोल!"

मी माईक ओठांजवळ घेतला. सात समुद्रांपलीकडं कुणाच्या तरी मांडीवर एक पोर होती, जिला मी पाहिलं नव्हतं, आणि पुढंही कधी पाहायचं कारण नव्हतं.

"चित्रा," मी म्हणाले. "चित्रा. कुर्रर्र!"

टोरांटोत काय झालं ते मला नंतर कळलं: उमेशनं ते नाव ऐकलं, आणि बायकोच्या माहेरच्या सगळ्या माणसांदेखत रडला. शैला माझ्या कानात म्हणत होती, "सांग त्याला, चित्राबाई घरी आल्यात म्हणावं." मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात माझ्या पाठीत असा दणका बसला की माईक हातातून सुटला. मालनकाकू होत्या. नाव सांगणारीच्या पाठीत धपाटे घालायची रीत आहे. पाठोपाठ म्हशीवाल्यांच्या बायकोनंही एक ठेवून दिला.

मग आम्ही दोन्हीकडचे नंबर दोन्हीकडं सांगितले. त्यानंतर त्यांना माझी गरज उरली नाही. दोन आठवड्यांत शैलानं हिरवा घालून घेतला. मालनकाकू रविवारी एकाच खेपेला येऊ लागल्या, आणि तारा माझ्या ड्रॉवरमध्ये पडून राहिल्या. पुढं घरोघरी मोबाइल आले, कॅफे बंद झालं. मी त्याच गाळ्यात स्टेशनरी आणि झेरॉक्सचं दुकान काढलं. पोट सुटलेल्या त्या स्थळाशी लग्न केलं. माणूस चांगला निघाला. एकुलता एक आहे. भाऊ नाही, दीर नाही, नणंद नाही. सासरची नाती मोजायला एक हात पुरतो.

मागच्या डिसेंबरात दुपारी दुकानापुढं रिक्षा थांबली. आधी मालनकाकू उतरल्या, काठी टेकत. त्यांच्यामागं जीन्समधली एक उंच मुलगी. ती थेट काउंटरपाशी आली आणि माझ्याकडं टक लावून पाहत राहिली.

"काय हवंय?" मी विचारलं.

"हाच आवाज!" ती आजीला म्हणाली. "आजी, हाच!"

तिनं फोन काढून माझ्यापुढं धरला. बारशाचा जुना व्हिडिओ होता. गर्दी, साड्या, पाळण्यात गाढ झोपलेलं एक गाठोडं. सगळे गप्प होतात, आणि स्पीकरमधून खरखरत माझा सव्वीस वर्षांचा आवाज येतो, जरा रडवेला: चित्रा. चित्रा. कुर्रर्र!

"मी हा हजार वेळा पाहिलाय," ती म्हणाली. तिच्या मराठीला गुजराती हेल होता. "शैलाआत्या सांगते, नाव तिचं. पण कानात तू सांगितलंस. मग तू पण माझी आत्याच ना?"

तिनं मला "तू" म्हटलं, आत्याला म्हणतात तसं. चार बहिणींच्या घरात एकही भाऊ नसताना मी आत्या झाले होते, आणि अठरा वर्षं मला त्याचा पत्ता नव्हता.

"पुन्हा एकदा सांग ना," चित्रा म्हणाली. "तेव्हा मी झोपले होते." आणि तिनं काउंटरवरून वाकून कान पुढं केला.

मी तिच्या कानाशी तोंड नेलं. या वेळी मध्ये तार नव्हती, आणि मी मधल्या स्टेशनची ऑपरेटरही नव्हते. नाव सांगून मी कुर्रर्र केलं मात्र, पाठीत दणका बसला. काठी सोडून मालनकाकू कधी काउंटरच्या आत आल्या होत्या, मला कळलंच नाही. चौऱ्याऐंशीव्या वर्षीही त्यांचा हात चांगलाच जड आहे.